बुजवलेली खिडकी

निजामभाई गवंड्यांनी पांढऱ्या फक्कीची शेवटची रेघ आमच्या घराच्या पूर्वेच्या भिंतीला आणून टेकवली आणि रिकामं घमेलं जमिनीवर पालथं घातलं. रेघ बरोबर अक्काच्या खिडकीखाली येऊन थांबली होती.

“मास्तर,” ते म्हणाले, “ह्या खिडकीचं काय करायचं?”

“काय करायचं म्हणजे?”

“गॅरेज हितं झालं की खिडकी गॅरेजात उघडणार. गाडी चालू केली की धूर सगळा अक्कांच्या खोलीत. ठेवायची का बुजवायची, ते आत्ताच सांगा. माझ्या विटा त्या हिशेबानं मागवायच्यात.”

खिडकी उघडीच होती. आत अक्का उशांना टेकून बसली होती. मांडीवर लाकडी फळी, फळीवर कुणाचं तरी हिरवं ब्लाउजपीस, हातात कात्री. तिनं सगळं ऐकलं होतं. कात्री चालवता चालवता तिनं विचारलं,

“भालू, समोर नाही का बसत गॅरेज?”

“समोर तेराच फूट आहे, अक्का. गाडीच तेरा फुटांची. दार लावायचं म्हटलं तर शेपूट रस्त्यावर येणार.”

निजामभाई फक्कीनं माखलेले हात लेंग्याला पुसत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत हात पुसायला लागले.

“आणि गाडी बाहेरच राहिली तर काय होईल?” अक्कानं विचारलं.

“रंग उडतो. दिवसभर ऊन असतं ना.”

“हं,” ती म्हणाली आणि कापडाची कड जुळवायला लागली.

मला शाळेची घाई होती. निजामभाईंना “उद्या सांगतो” म्हणालो आणि सायकल काढली. गाडी असली तरी शाळेत मी सायकलनंच जायचो.

ही एकोणीसशे शहाण्णव सालची गोष्ट. जयसिंगपुरात आमचं घर गल्लीच्या टोकाला होतं. वडिलांनी बांधलेलं, चार खोल्यांचं, कौलारू. घराच्या पूर्वेला दहा फुटांची एक पट्टी होती. जागा आमचीच, पण तिला कधी कुंपण घातलं नव्हतं, त्यामुळे आमच्या गल्लीतली माणसं पलीकडच्या गल्लीत जायला तिथूनच वाट काढायची. दळण घेऊन जाणाऱ्या बायका, हायस्कूलच्या मुली, दूधवाला, सगळे. आणि जाता-येता सगळे अक्काच्या खिडकीशी थांबायचे.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून मला जेवायला वाढण्यापासून कॉलेजला सांगलीला धाडण्यापर्यंत सगळं तिनं केलं. लग्न केलं नाही. का केलं नाही हे घरात कुणी कधी बोललं नाही आणि मी विचारलं नाही. शिवणाचे क्लास घ्यायची. अर्ध्या गावातल्या बायकांना मशीन चालवायला तिनं शिकवलं. मग मणक्याचा आजार उपटला, ऑपरेशन झालं, पण कमरेखालचं बळ परत आलं नाही. गॅरेजच्या वेळी तिला अंथरुणाला खिळून सहा वर्षं झाली होती.

तिचा पलंग आम्ही पूर्वेच्या खोलीत खिडकीला लागून टाकला होता. मशीन सुटलं तरी कात्री सुटली नव्हती. बायका खिडकीतून कापड आत द्यायच्या, मापाचं ब्लाउज द्यायच्या, अक्का बेतून द्यायची. बेतता बेतता सगळ्यांची चौकशी. कुणाच्या मुलीला बघायला आले, कुणाचा सासरा पडला, कुणी दहावीला कुठले विषय घ्यावेत. सकाळी सहाला दूधवाल्यापासून सुरू झालेली ती खिडकी दिवेलागणीला मिटायची. आमच्या पुढच्या दाराची कडी फारशी कुणी वाजवायचंच नाही. माझ्याकडे काम असलेला माणूससुद्धा आधी खिडकीशी जाऊन विचारायचा, “अक्का, मास्तर आहेत का?”

आणि त्या वर्षी मी जुनी फियाट घेतली. फिकट निळ्या रंगाची. सांगलीच्या एका डॉक्टरांनी ती फार जपून वापरली होती. आमच्या घराण्यात चारचाकी आलेली ही पहिलीच वेळ. मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. गणित शिकवत होतो, चालवायला महिन्यापूर्वी शिकलो होतो, आणि रोज सकाळी ओल्या फडक्यानं गाडी पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकलेनं, माझ्या बायकोनं, अक्काला चहा नेऊन दिला. मी दारातच होतो.

“भालू,” अक्का म्हणाली, “निजामभाईंना सांग, खिडकी बुजवा म्हणावं. अर्धवट काही ठेवू नका. धूर यायला लागला तर नंतर परत उकरत बसावं लागेल.”

“अक्का, अहो, पण खोलीत उजेड?” शशिकला म्हणाली.

“ट्यूबलाइट आहे की.”

“वारा?”

“पंखा आहे. मी काय शेतात जायचीय?”

शशिकलेनं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं अशी ती वाट बघत होती. मी म्हणालो, “बघू, पाया तर होऊ दे.” आणि आंघोळीला गेलो.

पाया झाला. निजामभाईंचं काम सावकाश आणि चोख. दर तीन थरांनी ओळंबा सोडून बघायचे. पट्टीवर खड्डे पडले, विटा पडल्या, तरी बायका वाट काढून खिडकीशी येतच होत्या. पण आता त्यांच्या बोलण्यात बांधकाम शिरलं होतं.

“अक्का, आता आम्ही कुठनं यायचं?”

“पुढनं यायचं. दार आहे की घराला.”

“पुढनं आलं की चपला काढा, बसा, चहा घ्या. आम्हाला जाता जाता बरं पडतंय.”

“मग चहा घ्या,” अक्का म्हणायची. “शशिकला चांगला करते.”

बाहेरची भिंत खिडकीच्या उंचीला आली तसा खोलीतला उजेड कमी झाला. अक्काला बेतायला त्रास होत होता, पण तसं ती म्हणाली नाही. पलंग दीड हात दाराकडे ओढायला सांगितला, इतकंच. मग भिंत खिडकीच्या वर गेली आणि पत्रे चढायच्या आदल्या दिवशी निजामभाई मला म्हणाले,

“मास्तर, उद्या खिडकी काढतो. तुम्ही असा घरात.”

“उद्या माझ्या चाचण्या आहेत,” मी म्हणालो.

चाचण्या होत्या हे खरं. पण त्या कुणीही घेतल्या असत्या.

त्या दिवशी काय झालं ते मला शशिकलेनं सांगितलं. निजामभाई सकाळीच आले. अक्काकडे एक ब्लाउजपीस अर्धं बेतलेलं होतं. ते म्हणाले, तुमचं होऊ द्या. आणि बाहेर विटांच्या ढिगावर बसून राहिले. अक्कानं बाह्या बेतल्या, गळा बेतला, घडी घातली, कापडाला चिठ्ठी टाचली आणि कात्री शशिकलेच्या हातात दिली. मग म्हणाली, “या, निजामभाई.” त्यांनी चौकट उचकटली, गज काढले आणि बाहेरच्या बाजूनं वीट रचायला घेतली. खालून वर. अक्का बघत होती. शेवटच्या दोन विटा राहिल्या तेव्हा निजामभाईंनी बाहेरून विचारलं, “अक्का, लावू?” ती म्हणाली, “लावा की.”

मी संध्याकाळी आलो तेव्हा खोलीत ट्यूबलाइट होती आणि ओल्या सिमेंटचा वास होता.

“हात लावू नकोस, भालू,” ती म्हणाली. “गिलावा ओला आहे.”

चार दिवसांनी मी गॅरेजपुढे नारळ फोडला. गाडी आत घेताना दोन्ही बाजूंना अंतर बघायला शशिकला उभी होती. गाडी नीट बसली. मी उतरलो, शटर खाली ओढलं, कुलूप लावलं. खोबऱ्याचा पहिला तुकडा अक्काला नेऊन दिला. तिनं खाल्ला.

पहिले काही दिवस घरात गर्दी झाली. खिडकीशी येणाऱ्या बायका पुढच्या दारानं आल्या. ओटीवर चपलांचा ढीग पडला. त्या खुर्चीवर अवघडून बसायच्या, मी असलो तर पदर सारखा करायच्या, अक्काला तब्येतीचं विचारायच्या. खिडकीशी उभं राहून कुणी तब्येतीचं कधी विचारलं नव्हतं. अक्काही त्यांना पाहुण्यांसारखं “चहा घ्या, बसा” म्हणायची. अर्ध्या तासानं दोन्हीकडचं बोलणं संपायचं. दिवाळीपर्यंत या बायका चार-पाच उरल्या. संक्रांतीला दोघी आल्या. दूधवाला आता पुढच्या पायरीवर पिशवी ठेवून जायचा. पट्टीची वाट बंद झाल्यामुळे माणसं वरच्या चौकातून वळसा घ्यायला लागली होती आणि आमची गल्ली कुणाच्या वाटेवर उरली नव्हती.

कापडं येणं थांबलं. आधी अक्कानंच एक-दोन परत पाठवली. ट्यूबच्या उजेडात निळं आणि काळं तिला वेगळं ओळखू येत नव्हतं, एकदा तिनं गिऱ्हाइकाचं कापड उलट्या बाजूनं कापलं. त्यानंतर तिनं फळी पलंगाखाली सरकवून ठेवायला सांगितली.

मग वेळेचा घोटाळा सुरू झाला. दुपारी तीनला ती शशिकलेला विचारायची, “दूध आलं का?” कधी जेवण झाल्यावर तासाभरानं, “आज जेवायचं नाही का?” डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. ती सत्तावन्न वर्षांची होती. मी घड्याळ आणून समोरच्या भिंतीवर लावलं. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं,

“हे पाच सकाळचे की संध्याकाळचे?”

“संध्याकाळचे, अक्का.”

“बरं.”

एप्रिलमध्ये एकदा मी शाळेतून आलो तर शशिकला ओटीवर बसली होती. स्वयंपाकघरात काही शिजत नव्हतं. एरवी ती मला उलट बोलणारी बाई नव्हे.

“अहो,” ती म्हणाली, “ते गॅरेज पाडा.”

“पाडा म्हणजे?”

“पाडा म्हणजे पाडा. गाडी झाडाखाली लावा, विका, काहीही करा. आज मी खोलीत गेले तर अक्का भिंतीकडे तोंड करून होत्या. मला म्हणाल्या, कोण आहे? मी समोर उभी होते.”

मी खोलीत गेलो. अक्का जागी होती. मी पलंगाच्या कडेला बसलो. खूप वर्षांनी तिच्या इतक्या जवळ बसलो होतो. तिचे हात पूर्वी कापडानं कोरडे, खरखरीत असायचे. आता मऊ पडले होते.

“अक्का, मी भिंत पाडतोय. निजामभाईंना सांगतो. खिडकी परत बसवून घेऊ.”

“कशाला?”

“तुला उजेड पाहिजे.”

“आणि गाडी कुठे ठेवशील?”

“समोर,” मी म्हणालो. “समोर बसेल.”

बोलून गेलो. समोर सोळा फूट दोन इंच होते. आखणीच्या आधी तीन दिवस, एका रविवारी घरात कुणी नसताना मी टेपनं मापले होते. दोनदा मापले. गाडी बसून वर तीन फूट उरत होते. आणि मी सगळ्यांना तेरा सांगितले. निजामभाईंनीही मापं घेतली होती, त्यांना खरं माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे का बघितलं ते मला तेव्हाच कळलं होतं.

मी असं का केलं, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतोय. अक्कावर माझा राग नव्हता. एवढंच आठवतं की फियाट घेऊन मी पहिल्यांदा गल्लीत शिरलो, तेव्हा हॉर्न ऐकून माणसं बाहेर आली आणि सगळी खिडकीकडे गेली. “अक्का, तुमच्या भावानं गाडी घेतली बघा. अक्का, पेढे पाहिजेत.” अक्कानं खिडकीतून पेढे वाटले. तोंडभर हसत होती. मी गाडीशेजारी किल्ली हातात घेऊन उभा होतो. शाळेतसुद्धा मला नवीन शिक्षकांना ओळख करून देताना “शिवणाच्या अक्कांचे बंधू” म्हणायचे. त्या दिवशी गाडीपाशी उभा असताना माझ्या मनात आलं की ही खिडकी नसती तर बरं झालं असतं. खिडकी म्हणालो मी मनात. अक्काचं नाव घेतलं नाही.

“समोर बसेल होय,” अक्का म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. मला वाटलं, तिला मी काय बोललो ते समजलंच नाही. तिचं असंच चाललं होतं तेव्हा.

“बसेल, अक्का. उद्याच काम सुरू करतो.”

“राहू दे आता, भालू.” तिनं डोळे मिटले. “मला उजेड सोसत नाही.”

“सवय होईल परत.”

“नको. धूळ होईल. मला दम लागतो धुळीनं. आणि परत कोण येणार आहे तिकडनं? वाट मोडली की लोक दुसरी धरतात.”

मी आणखी आग्रह करायला हवा होता. तिचं न ऐकता पाडायला हवं होतं. मी शशिकलेला सांगितलं, अक्काच नको म्हणते. शशिकलेनं उठून कुकर लावला. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली.

अक्का त्याच वर्षी श्रावणात गेली. बुधवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास. मी दहावीच्या वर्गावर होतो, शिपाई बोलवायला आला. जाण्याच्या आधी ती काही बोलली का, असं मी शशिकलेला विचारलं. ती म्हणाली, पाणी मागितलं.

गावातून पुष्कळ माणसं आली. ज्या बायका वर्षभर फिरकल्या नव्हत्या त्या आल्या, रडल्या, अक्कानं शिकवलेलं मशीनकाम आठवून सांगत राहिल्या. दोघी-तिघी सवयीनं पूर्वेच्या बाजूला वळल्या आणि गॅरेजच्या शटरपाशी थबकून माघारी आल्या.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी निजामभाई आले. गॅरेजचं काम झाल्यापासून ते आमच्याकडे आले नव्हते. रस्त्यात भेटले तर सलाम करून पुढे जायचे. ओटीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मास्तर,” ते म्हणाले, “एक गोष्ट सांगून टाकतो. अक्कांनी मला सांगू नका म्हटलं हुतं. आता त्या न्हाईत. मला ती पेलंना झालीय.”

“सांगा.”

“त्या दिवशी आखणी केली आणि तुम्ही शाळेला गेलासा. वहिनी मंडईला गेल्या हुत्या. अक्कांनी मला खिडकीशी बोलावलं. म्हणाल्या, निजामभाई, समोर किती फूट भरतंय? मी म्हटलं, मास्तरांनी सांगितलं की तेरा. म्हणाल्या, मास्तरांचं न्हाई विचारलं, तुम्ही मापलं ते सांगा.”

शशिकला आत भांडी लावत होती. त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

“मला त्यांच्याशी खोटं बोलता आलं न्हाई, मास्तर. माझ्या दोन्ही पोरी त्यांच्या हाताखाली शिकल्यात. मी सांगितलं, सोळा.”

म्हणजे पाया खणायच्या आधी. एकही वीट लागायच्या आधी. त्यानंतर काम पंधरा दिवस चाललं होतं. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी मी तिच्या खोलीत जात होतो, सिमेंट किती आलं, पत्रे कुठले घेतले, सगळं तिला सांगत होतो, आणि ती ऐकत होती.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“जरा वेळ कात्री तशीच धरून बसल्या. मी म्हटलं, अक्का, मी मास्तरांशी बोलतो, काम समोर घेतो, अजून फक्कीच पडलीय. तर म्हणाल्या, नको. तुम्ही बोललात तर त्याला माझ्यासमोर उभं राहता येणार न्हाई.”

“आणि?”

निजामभाई टोपीच्या कडेवरून बोट फिरवत होते.

“म्हणाल्या, त्याला लहानपणापासनं मागता येत न्हाई. काय पाहिजे ते कधी तोंडानं बोलला न्हाई, मीच ओळखून द्यायची. हे बी तसंच आहे. देऊन टाका.”

मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले, उठले, टोपी घातली. मी फाटकापर्यंत गेलो.

घरात आलो तर शशिकला हात पुसत बाहेर आली होती.

“काय म्हणत होते निजामभाई?”

“काही नाही,” मी म्हणालो. “भेटायला आले होते.”

तिला आजही तेवढंच माहीत आहे.